चेंडू पायात नसताना

पळस्पे फाट्यावर मुंबईकडून आलेला रस्ता दुभंगतो. एक रस्ता खोपोलीमार्गे घाट चढून पुण्याला जातो. दुसरा कर्नाळ्याच्या सुळक्याला बगल देऊन पेण, महाड, चिपळूण, कणकवली करत गोव्यात उतरतो. जेएनपीटीकडून येणारे कंटेनरही इथंच येऊन मिळतात. या फाट्यावर मुक्कामाला कोणी येत नाही. पण इथं अर्धा तास कोंडी झाली की तिचा ताप कळंबोलीलाही होतो आणि पेणलाही.

फुटबॉलच्या संघातला मिडफिल्डर हा असाच फाटा असतो. मागच्या फळीकडून सुटलेला चेंडू त्याच्याकडे येतो आणि तो ठरवेल त्या दिशेनं पुढे जातो. गोल होतो तेव्हा फलकावर नाव लागतं ते किक मारणाऱ्याचं. गोल वाचतो तेव्हा टाळ्या गोलरक्षकाला. मधल्या माणसाकडे लोकांचं लक्ष जातं ते बहुधा चेंडू अडला तरच.

एक आकडा आधी सांगतो, कारण तो कळल्यापासून हा खेळ मला वेगळाच दिसायला लागला. सामना नव्वद मिनिटांचा. त्यात एका खेळाडूच्या पायात चेंडू एकंदर किती वेळ असतो? मिडफिल्डरच्या वाट्याला इतरांपेक्षा जास्त वेळ येतो, तरी ही सगळी बेरीज मिनिट-दोन मिनिटांपलीकडे क्वचित जाते. आणि त्याच नव्वद मिनिटांत तो अकरा-बारा किलोमीटर धावतो. पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या दिशेनं निघालात तर तेवढ्यात कर्नाळा अभयारण्य मागे पडेल. म्हणजे अठ्ठ्याऐंशी मिनिटं हा माणूस चेंडूशिवाय खेळत असतो. मग तो इतका वेळ करतो तरी काय?

आधी जागा पाहू. मोठ्या सामन्यांचं मैदान 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद असतं. आपल्या भाषेत सत्तर गुंठ्यांहून थोडं अधिक. त्याचे आडवे तीन भाग केले तर मधला पट्टा तेवीस-चोवीस गुंठ्यांचा भरतो. बचाव फळीतल्या खेळाडूचे शत्रू मुख्यतः समोर असतात, पाठीशी आपला गोलरक्षक असतो. कडेनं धावणाऱ्या विंगरला एका बाजूला चुन्याची रेघ असते, त्या बाजूनं कोणी अंगावर येत नाही. मिडफिल्डरला आडोसा असा कुठेच नाही. चारी दिशांनी आपले, चारी दिशांनी परके. माणसाचे डोळे फार तर दोनशे अंशांच्या आसपासचं पाहू शकतात, आणि त्यातही कडेचं धूसर. उरलेलं सगळं पाठीमागे.

आता वेळ मोजू. वीस मीटरवरून जोरकस पास आला, सेकंदाला पंधरा मीटर वेगानं, तर तो तुमच्यापाशी सव्वा-दीड सेकंदात पोचतो. तुमच्यापासून दहा मीटरवर उभा असलेला प्रतिस्पर्धी सेकंदाला सात मीटर वेगानं झेपावला, तर त्यालाही साधारण तेवढाच वेळ लागतो. चेंडू आणि माणूस एकदमच अंगावर येतात. डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीवर हालचाल करायलाच आपल्याला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. चेंडू पायाशी आल्यावर विचार करू म्हणणाऱ्याच्या हातात उरतं काय? काहीच नाही. म्हणून चांगला मिडफिल्डर चेंडू येण्याआधीच ठरवून मोकळा झालेला असतो, आणि ठरवण्यासाठी त्यानं आधी पाहिलेलं असतं.

हे पाहणं मोजणारा एक माणूस नॉर्वेत आहे. गेयर योर्डेट हा तिथला संशोधक. त्यानं चेंडूचा नाद सोडला आणि कॅमेरा एकेका खेळाडूच्या चेहऱ्यावर रोखलेली चित्रणं जमवली. पास मिळण्याआधीच्या काही सेकंदांत खेळाडू चेंडूवरून नजर काढून किती वेळा दुसरीकडे पाहतो, हे त्यानं मोजलं. इंग्लंडचा फ्रँक लँपार्ड सेकंदाला 0.62 वेळा, म्हणजे दहा सेकंदांत सहा वेळा मान फिरवत होता. स्पेनचा चावी त्याच्याही पुढे, दहा सेकंदांत आठ वेळा. जे जास्त पाहत होते, त्यांचे पुढच्या दिशेनं दिलेले पास जास्त यशस्वी होत होते. चावी उंचीनं बेताचा, वेगानं बेताचा. जगातले तगडे खेळाडू त्याच्या अंगावर धावून यायचे आणि तो तिथं नसायचाच. ज्या जादूवर आपण इतकी वर्षं थक्क होत होतो तिच्या मुळाशी एक मान होती, सतत फिरणारी. मला हे कुठल्याही उंच उडीपेक्षा थोर वाटतं.

मुंबईतल्या मैदानांवर सामना पाहताना डोळे मिटलेत तरी हे ऐकू येईल. पास निघाला की मागून ओरडा होतो, 'मॅन ऑन!' म्हणजे पाठीवर माणूस आहे, एका स्पर्शात चेंडू सोड. 'टाइम!' म्हणजे कोणी नाही, निवांत घे. 'टर्न!' म्हणजे वळ आणि पुढे चल. ज्याला दिसत नाही त्याला सोबत्यांनी आपले डोळे उसने दिलेले असतात. मुरलेला मिडफिल्डर ते ऐकतो, पण त्यावर विसंबत नाही. चेंडू यायच्या आत तो अंग अर्धं वळवून उभा राहतो, एक खांदा स्वतःच्या गोलकडे आणि एक समोरच्या गोलकडे. त्यामुळे मैदानाची लांबी त्याला एका नजरेत मिळते, आणि चेंडू मागच्या पायावर घेतला की वळायचं निम्मं काम आधीच झालेलं असतं.

आता पळस्प्याहून सुटलेल्या रस्त्यानं पुढे जाऊ. हा महामार्ग पत्रादेवीला गोव्याची हद्द गाठतो, पेडणे तालुका ओलांडतो आणि शापोरा नदीवरच्या पुलावरून कोलवाळला उतरतो. फोर्तुनातो फ्रँको मूळचा या गावचा. 1962 साली जकार्तात आशियाई क्रीडा स्पर्धेचं सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय फुटबॉल संघातला हाफ. मिडफिल्डर हा शब्द तेव्हा आपल्याकडे रुळायचा होता.

फ्रँको खेळाडू म्हणून घडला मुंबईत. गोव्याहून पोटासाठी आलेल्या माणसांची मुंबई वेगळीच होती. धोबी तलाव, माझगाव भागात गावागावांच्या नावानं चालणाऱ्या कुडी, तिथं मिळणारी एक खाट आणि एक पेटी ठेवण्याची जागा, आणि संध्याकाळी फुटबॉल. कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स चषक रंगायचा. ही स्पर्धा 1891 पासूनची. टाटा, वेस्टर्न रेल्वे, कॅल्टेक्स अशा कंपन्यांचे आणि खात्यांचे संघ होते. खेळाडू तिथं नोकरीला असायचा आणि नोकरी सांभाळून खेळायचा. फ्रँको वेस्टर्न रेल्वेकडून खेळला, टाटांकडून खेळला, संतोष करंडक जिंकलेल्या महाराष्ट्राच्या संघात होता. आजच्या अर्थानं ही माणसं व्यावसायिक नव्हती. करार नव्हते, बदलीची रक्कम नव्हती. खेळ मात्र पुरता व्यावसायिक होता.

1960 च्या रोम ऑलिंपिकसाठी भारताचा संघ निवडला गेला तेव्हा त्या चमूत फ्रँको होता. त्या वर्षी कोलवाळवर पोर्तुगालचा झेंडा होता. ज्या देशाचा शर्ट तो घालणार होता, त्या देशात त्याचं जन्मगाव अजून आलेलं नव्हतं. गोवा मुक्त झाला 19 डिसेंबर 1961 ला. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, 4 सप्टेंबर 1962 ला, हा कोलवाळचा मुलगा जकार्तात दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात उभा होता.

त्या संघाची मांडणी नीट पाहण्यासारखी आहे. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. त्या काळी मागे तीन किंवा चार, पुढे चार किंवा पाच, आणि मधे फक्त दोन माणसं असायची. पुढे चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी, बलराम यांच्यासारखे एकाहून एक. त्यांना चेंडू पुरवायचा, आणि तो हरवला की पळत मागे येऊन प्रतिस्पर्ध्याचा रस्ता अडवायचा, हे सगळं त्या दोघांकडे. तेवीस-चोवीस गुंठ्यांचा मधला पट्टा आणि राखण करणारे दोन. आज तीन-तीन, चार-चार मिडफिल्डर ठेवणारे संघ पाहिले की त्या दोघांच्या फुप्फुसांचं नवल वाटतं.

त्यातून अडचणी कमी नव्हत्या. गटात याच कोरियानं भारताला 2-0 असं हरवलं होतं. मागच्या फळीचा कणा असलेल्या जर्नेलसिंगच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले होते. रहीम यांनी त्याला बाहेर बसवण्याऐवजी थेट आघाडीला खेळवलं. उपांत्य सामन्यात भारतानं दक्षिण व्हिएतनामला 3-2 असं मागे टाकलं. जर्नेलसिंगला पुढे खेळवण्याचा हा डाव किती धाडसाचा होता हे मधल्या दोघांच्या जागी उभं राहून पाहिलं तर कळतं. संघातला सर्वांत खंबीर बचावपटू पाठीमागून उठून पुढे गेलेला, त्यामुळे आपण चुकलो तर सावरायला मागे तो नाही. शिवाय अंतिम सामन्याला स्टेडियम खच्चून भरलेलं आणि भारताविरुद्ध तापलेलं. इस्राएल आणि तैवानला यजमानांनी स्पर्धेबाहेर ठेवलं, त्यावर भारताच्या गुरुदत्त सोंधींनी हरकत घेतली होती. त्याचा राग मैदानात उतरलेल्या अकरा जणांवर निघत होता. त्या गोंगाटात भारतासाठी ओरडणाऱ्यांत पाकिस्तानच्या हॉकी संघातले खेळाडू होते, ही आठवण त्या संघातल्यांनी पुढे अनेकदा सांगितली.

सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीचा गोल. विसाव्या मिनिटाला जर्नेलसिंगचा. पंच्याऐंशीव्या मिनिटाला कोरियाचा एक. सामना 2-1. नोंदवहीत इतकंच आहे.

विसाव्या मिनिटापासून पंच्याऐंशीव्या मिनिटापर्यंत पासष्ट मिनिटं होतात. त्या पासष्ट मिनिटांत कोरियाला एकही गोल करता आला नाही. कितीदा त्यांचा पास मधेच तोडला गेला, कितीदा फ्रँको योग्य जागी आधीच जाऊन उभा राहिला म्हणून समोरच्यानं पुढचा पास टाळून मागे दिला, याचा हिशेब कुठेही नाही. गोलला हातभार लावणाऱ्याचं नाव लिहायचीसुद्धा तेव्हा पद्धत नव्हती. त्यात जो पास दिलाच गेला नाही, त्याची नोंद कोण करणार? मुंबईतच वाढलेल्या नेव्हिल डिसोझानं 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि ऑलिंपिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू म्हणून त्याचं नाव कायमचं राहिलं. राहायलाच हवं. पण हाफचं काम गोलाच्या भाषेत सांगता येत नाही, आणि आपल्याला फुटबॉलची दुसरी भाषा कोणी शिकवलीच नाही. 10 मे 2021 ला वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी फ्रँको गेला, तेव्हा महाराष्ट्रातल्या किती जणांना हे नाव ठाऊक होतं? ते सुवर्णपदक मात्र अजून भारतीय फुटबॉलचं आशियाई क्रीडा स्पर्धेतलं शेवटचं सुवर्ण आहे.

पुढच्या पिढीत गोव्यानं आणखी एक मधला माणूस दिला, क्लायमॅक्स लॉरेन्स. तोवर खेळाचं अर्थकारण पालटलं होतं. 1996 मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली, 2007 मध्ये तिची आय-लीग झाली, आणि नोकरीऐवजी कराराचे पैसे घेऊन खेळणारा खेळाडू आपल्याकडे उभा राहिला. त्याची दुसरी बाजूही मुंबईनं पाहिली. महिंद्र युनायटेड हा मुंबईचा संघ 2005-06 मध्ये देशाचा विजेता झाला आणि 2010 मध्ये कंपनीनं तो बंद करून टाकला. विजेतेपदानंतर चार वर्षांत एवढा चांगला संघ नाहीसा होतो, याची खंत मला अजून वाटते.

क्लायमॅक्सचं नशीब याबाबत चांगलं. धेंपो क्लबमध्ये तो नऊएक वर्षं राहिला, आणि त्या काळात धेंपोनं पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलं. तो बचावाकडे झुकणारा मिडफिल्डर. चार बचावपटूंच्या पुढे उभा राहून समोरच्या संघाचा हल्ला उगवतानाच मोडायचा, चेंडू मिळाला की जवळच्या माणसाला साधा पास द्यायचा, आणि पुन्हा जागेवर. भारतासाठी तो सत्तरहून अधिक सामने खेळला. 2008 च्या एएफसी चॅलेंज चषकात हैदराबादला अफगाणिस्तानविरुद्धचा सामना गोलशून्य सुटणार असं दिसत असताना, भरपाईच्या वेळेत गोल केला तो यानं. ती स्पर्धा भारतानं जिंकली, आणि त्या बळावर 2011 च्या आशियाई चषकात सत्तावीस वर्षांनी प्रवेश मिळवला. दिल्लीच्या अंतिम सामन्यातली सुनील छेत्रीची हॅट्‌ट्रिक सगळ्यांना आठवते, हैदराबादचा तो गोल फारच थोड्यांना.

महामार्ग आणखी दक्षिणेला मडगावला जातो. ब्रँडन फर्नांडिस तिथला, जन्म 1994 चा. हा तिसऱ्या जातीचा मिडफिल्डर, निर्माण करणारा. कोवळ्या वयात तो दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या अकादमीत शिकायला गेला, इंग्लंडमधल्या क्लबांत चाचण्या देऊन आला, परत येऊन बरीच वणवण केली आणि 2017 पासून एफसी गोवामध्ये स्थिरावला. 2019 च्या सुपर कप अंतिम सामन्यात चेन्नईयनविरुद्ध त्याचा गोल निर्णायक ठरला. पण त्याचं मोठेपण कळायला मी दुसराच क्षण पुढे ठेवीन.

5 सप्टेंबर 2019, गुवाहाटी. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारत आणि ओमान. चोविसाव्या मिनिटाला भारताला डाव्या बाजूला फ्री-किक मिळते. अशा जागेवरून चेंडू उंच उचलून गोलसमोरच्या गर्दीत टाकायचा, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. ओमानचे धिप्पाड बचावपटू त्यासाठीच गोलसमोर दाटले, सगळ्यांची नजर हवेत. ब्रँडन धावत येतो आणि चेंडू जमिनीलगत सरकवतो, गर्दीच्या अलीकडे, पेनल्टी बॉक्सच्या टोकाशी, जिथं या क्षणी कोणीच नाही. तिथं छेत्री येऊन पोचतो आणि पहिल्याच स्पर्शात चेंडू जाळ्यात. पंधरा-सोळा जणांच्या नजरा एका जागी वळवायच्या आणि चेंडू दुसऱ्या जागी द्यायचा, एवढंच. शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल खाऊन भारत तो सामना हरला, म्हणून त्या पासचीही चर्चा विरून गेली. पण ती फ्री-किक मी कितीही वेळा पाहू शकतो.

एप्रिल 2021 मध्ये एफसी गोवा एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळला. तिथवर पोचलेला तो पहिला भारतीय क्लब. फातोर्ड्याच्या मैदानावर इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध एदू बेदियानं हेडरनं केलेला गोल हा त्या टप्प्यावरचा भारतीय क्लबचा पहिला गोल. त्यासाठी चेंडू टाकला होता ब्रँडननं. 2024 मध्ये तो मुंबई सिटीत आला. फ्रँकोप्रमाणे त्याचीही वाट गोव्याहून मुंबईला आली, फरक इतकाच की याच्या हातात करार होता.

क्लबकडून खेळणं आणि देशाकडून खेळणं हे मिडफिल्डरसाठी दोन वेगळे पेशे आहेत, हे बाहेरून लक्षात येत नाही. क्लबात वर्षातले आठ-नऊ महिने रोज तीच माणसं सोबत असतात. डावा विंगर चेंडू पायावर मागतो की पुढच्या मोकळ्या जागेत, स्ट्रायकर दमला की कोणत्या बाजूला सरकतो, हे सगळं अंगात मुरतं. म्हणून न बघता दिलेला पास बरोबर पोचतो. राष्ट्रीय संघ एकत्र येतो आठ-दहा दिवसांसाठी. त्यातले दोन दिवस प्रवासाचे, एक विश्रांतीचा. गोलरक्षकाचं काम दोन्हीकडे बरंचसं सारखं असतं, बचावपटू रेषा धरून निभावून नेतो. मिडफिल्डरचं सगळं कामच इतरांच्या सवयींवर उभं असतं, आणि त्या सवयी त्याला आठवडाभरात नव्यानं शिकायच्या असतात. क्लबसाठी खोऱ्यानं संधी निर्माण करणारा खेळाडू देशाच्या शर्टात बुजल्यासारखा दिसतो तेव्हा आपण त्याच्या देशप्रेमाची मापं काढतो. दोष बऱ्याचदा या दिवसांच्या टंचाईचा असतो.

टीव्हीवर यातलं फारसं दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि मिडफिल्डरची अठ्ठ्याऐंशी मिनिटं चौकटीबाहेर जातात. मैदानात जाऊन पाहायला हवं. पळस्प्याच्या माणसाला त्यासाठी फार लांब जायची गरज नाही. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 2017 मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांच्या विश्वचषकाचा स्पेन आणि मालीमधला उपांत्य सामना झाला, 2022 मध्ये मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. खारघरला सिडकोनं उभारलेलं फुटबॉलचं मैदान आहे. मुंबई सिटीचे सामने अंधेरीला होतात. आणि कोणत्याही रविवारी सकाळी शेजारच्या मैदानावर गावातलीच पोरं खेळत असतात.

शक्यतो गोलपोस्टच्या मागे आणि जरा उंचावर बसा, म्हणजे दोन्ही संघांमधली मोकळी जागा लांबीनं दिसते. मधला एक खेळाडू निवडा. दहा मिनिटं चेंडू कुठेही जावो, नजर त्याच्यावरून हलवू नका. पास निघण्याआधी त्याची मान किती वेळा फिरते ते मोजा. तो कधी दोन पावलं बाजूला सरकतो आणि त्याच्यामागून प्रतिस्पर्ध्याचा एक माणूसही ओढला जातो, मग त्या रिकाम्या झालेल्या जागेतून दुसराच कोणी चेंडू घेऊन पुढे निघतो. टाळ्या त्या दुसऱ्याला पडतील. जागा कोणी करून दिली, हे तोवर तुम्हाला दिसलेलं असेल.